मागून येणारा आवाज

कुशाबाई : चहा नगं मला, पानबाई. आधी तुमच्या टीनाला हे वाचाया सांगा. मोठ्यानं.

टीना : मावशी, ही तर माझीच मुलाखत. प्लास्टिकमध्ये कुणी घातली?

कुशाबाई : आमच्या थोरल्या जावंनं. कोंडाबाईनं. लॅमिनेशन केलंय. ओझरच्या गणपतीच्या फोटूशेजारी खिळा ठोकून लावलंय. आज ती कांद्यात गेली, तवर काढून आणलं आन् यष्टीत बसले. वाच.

टीना : 'जॅझमध्ये ठेका पुढं जाऊ द्यायचा आणि शब्द मागून, सावकाश ठेवायचा, हे मी मुंबईच्या हॉटेलांत नाही शिकले. लहानपणी खोडदला आमच्या दुकानाच्या भिंतीपलीकडं कोंडाबाई पहाटे जात्यावर गायची. तिच्याकडून शिकले.'

कुशाबाई : पुढं.

टीना : 'बारावीत असताना खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्या एका साहेबांच्या पत्नीनं मला अमेरिकेतल्या गाण्यांची कॅसेट दिली. त्यातली बाई ऐकली आणि वाटलं, ही तर भिंतीपलीकडची!'

कुशाबाई : आन् खाली, आवडीनिवडीत?

टीना : 'कोंडाबाईच्या हातची मासवडी.'

पानबाई : लसणाची! जैनाच्या घरातली पोर, आणि पेपरात सांगते! स्थानकात महाराजसाहेबांना तोंड कसं दाखवू मी?

कुशाबाई : ते तुमी मायलेकी मागनं बघा. पर मासवडी माझी व्हती. थोरलीची तर रश्शात पडल्या पडल्या फुटती. केली मी, आन् ताट मिरवत आणलं तिनं.

टीना : अगंबाई! मला वाटायचं...

कुशाबाई : मासवडीचं जाऊ दे गं. ते मागनं येणं, ठेका जाऊ देणं, ते बी माझं व्हतं.

टीना : तुमचं?

कुशाबाई : आमच्यात ओवी थोरलीनं उचलायची, धाकटीनं मागनं घ्यायची. पर तिची ओळ सरली तरी ती सूर सोडायची न्हाई. मला जागाच मिळू नये म्हणून! मग मी बी हट्टाला पेटायची. संपू दे तुझा दम, म्हणायची मनात. जातं अजून एक येढा घ्यायचं, तवा कुठं मी तोंड उघडायची.

टीना : थांबा. दोन आवाज होते, बरोबर. मी आईला विचारलंही होतं, तो उशिरा येणारा आवाज कुणाचा म्हणून.

पानबाई : आणि मी म्हणाले कोंडाबाईचा. मला काय ठाऊक? दुकानात येऊन तासभर गप्पा मारायची ती. तुम्ही साखर घ्यायच्या आणि गुपचूप जायच्या.

कुशाबाई : धाकटी आणखी काय करंल? टीना, खरं सांगते, लई जळते मी. त्या खिळ्याकडं पाठ करून जेवाया बसते. लोकं तिला विचारत्यात, जॅझ म्हंजी काय वो? ती सांगती, आमी म्हणायचो त्येच. मी शेजारी बसून तांदूळ निवडते. एवढी वर्सं तिच्या मागनं म्हटलं. एकदा माझं नाव येऊ दे की!

टीना : चुकलं माझं, मावशी. पेपरवाल्या बाईंना आजच फोन करते. शनिवारी पुण्याला माझा कार्यक्रम आहे, तिथंही तुमचं नाव सांगते. पण एक ओवी म्हणा ना. मला नीट ऐकायचंय.

कुशाबाई : जात्याबिगर?

टीना : मी टेबलावर ठेका धरते.

(कुशाबाई ओवी म्हणते. टीनाचा हात मधेच थांबतो.)

कुशाबाई : काय झालं? बोल की.

टीना : आवाज तोच आहे. पण तुम्ही अगदी ठेक्यावर आलात.

कुशाबाई : मग ब्येस झालं की!

टीना : ते मागं राहणं नाही आलं.

कुशाबाई : परत धर. ...आता?

टीना : नाही, मावशी.

कुशाबाई : अगं, उगाच कसं थांबायचं? समोर कुणी सूर धरून बसलं तर थांबंल ना माणूस.

टीना : राहू द्या. माझा विश्वास आहे तुमच्यावर.

कुशाबाई : नुसता इस्वास नगं मला. ती म्हणंल, पोरीला पढवून आली. तू सोताच्या कानानं ऐक, मग छाप. उद्या खोडदला ये. हळदीपुरतं जातं ठिवलंय अजून.

टीना : आणि कोंडामावशी बसतील?

कुशाबाई : बसंल की. तिच्या हातापाया पडंन.

पानबाई : तुम्ही? कोंडाबाईच्या?

कुशाबाई : म्हणंन, बाई, टीनाला तुझी ओवी ऐकायचीय. मी आपली नुसती समोर बसते.