कोणत्याही एका गटात

विषय — इंग्रजी संभाषणाच्या गटपरीक्षेसाठी कोणत्याही एका गटात समाविष्ट करून घेणेबाबत. संदर्भ — गेल्या शुक्रवारची सराव परीक्षा. महोदय, उपरोक्त विषयान्वये अर्जदार कमळाकर — हसू नका, कोमलताई. काउंटरवर बसून अर्जदारासमोर हसायचं नसतं. मी भूसंपादनाच्या कचेरीत जन्म काढला, एकदा हसलो नाही. सर म्हणाले, काउंटरला सांगून ठेवा. सांगून ठेवलेलं राहतं का कुठे? म्हणून लेखी आणलं.

झालं काय — बसतो जरा, चालेल ना? — परीक्षेला चौघांचा गट. एक जरी गप्प राहिला तरी मार्क चौघांचेही जातात. आमच्यात मी, बँकेतली कादंबरी, विचुंबे गावची दिपिका आणि कोन गावचा हृतिक. या हृतिकचे आजोबा जमिनीच्या मोबदल्यासाठी माझ्या टेबलासमोर तासन्‌तास उभे असायचे, आता नातू मला 'बसा काका' म्हणतो — काळाचा न्याय, दुसरं काय! तर विषय मिळाला, एका कुटुंबाने रविवारची सहल ठरवायची. मला आजोबा केलं. साहजिक आहे, मी काय नात होणार? तिघं सुटले भरधाव, आणि मी — अक्षर नाही. शेवटपर्यंत. कादंबरी म्हणाली, "काका, प्लीज, नुसतं येस म्हटलं तरी चालेल हो." हृतिक बाहेर आल्यावर म्हणाला, "काका, आमी इथं घसा फोडतोय, तुमी बोलत का नाय?" मग तिघांनी सरांना गाठलं, काकांना आमच्या गटातून काढा म्हणून. बरोबरच केलं. मी त्यांच्या जागी असतो तर लेखी दिलं असतं.

इंग्रजी येत नाही? येतं हो! कचेरीत निम्मा पत्रव्यवहार मी करायचो, घरी कपाटभर इंग्रजी पुस्तकं आहेत, वाचलेली. सवय नडली. आमच्याकडे साहेबांचं झाल्याशिवाय, आणि कुणी विचारल्याशिवाय, कारकुनाने तोंड उघडायचं नाही — तसा मी वाट बघत बसलो. तयारी म्हणाल तर घरी चार खुर्च्या मांडून करतो. या खुर्चीवर बसून विचारायचं, उठायचं, त्या खुर्चीवर बसून उत्तर द्यायचं. दिपिकाच्या खुर्चीवर मला चांगलं बोलता येतं, हृतिकच्या खुर्चीवर बसलो की फार उद्धट होतो. खालच्या बाई परवा जिन्यात विचारत होत्या, पाहुणे आलेत का? म्हटलं, हो, राहतील काही दिवस.

काय? कुणी विचारलंच नाही मला, असं का? तसं — नाही, विचारलं. विचारलं होतं. ते अर्जात नाही. हृतिकच म्हणाला, करंजा बंदरावर जाऊ, ताजी मासळी घेऊ, आणि मग माझ्याकडे वळून, 'ग्रँडपा, यू सिट इन फ्रंट, विथ मी.' आता याला काय लागतं उत्तर? 'थँक यू, आय विल.' पाठ होतं. पण घरी मीच मला विचारत असतो ना, दुसऱ्याने विचारलं की — आमची ही, सुनीता, गेल्यापासून मला 'चला' असं कुणी म्हटलं नव्हतं, कोमलताई. सहल खोटी, गाडी खोटी, सगळं मार्कांसाठी, ठाऊक होतं मला, तरी तो मला पुढच्या सीटवर बसवत होता आणि माझा घसा — सर्दी होती. अर्जात 'घशाचा त्रास' लिहिलंय, तेच राहू द्या.

या वयात परीक्षा कशाला, हे सगळेच विचारतात. तुमचाच नियम आहे — गट नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर पुढच्या बॅचला प्रवेश नाही. आणि बॅच नाही म्हणजे संध्याकाळी सर एकेकाला 'हाऊ वॉज युअर डे' विचारतात, ते — मी रोज 'फाइन' म्हणतो. दिवसभरातला पहिला शब्द असतो कधीकधी, आवाज फाटका येतो. जाऊ दे. तुम्ही हे कुठे लिहून घेत नाही ना?

बाकीचे गट भरलेत? आणि ते तिघंच उरलेलं टोळकं, त्यातली ती मोनाली सोडून गेली ना? त्यांना विचारावं लागेल. विचारा. सांगा, काका बोलतील. नाही — फोन लावू नका हृतिकला! ठेवा तो फोन. त्याने दया म्हणून परत घेतलं तर मला पुन्हा बोलता यायचं नाही.

सर आज येणार नाहीत? परीक्षा तर उद्या. उद्या सकाळी बघून ठरवतील — बरं. मग पोच तेवढी द्या. शिक्का नसेल तर सही चालेल. हं, तारीख घाला खाली.

चला, तुम्ही शटर ओढा, मी निघतो. अर्ज सरांच्या टेबलावर आहे. निर्णय झालेला नाही.