सतरा अक्षरांचं माप

(शिंप्याचं दुकान. आजोबा मशीनवर, आजी काजं करत बसलेली.)

नात : हे बघा, लाल शाई. प्रत्येक ओळीत दोन अक्षरं जास्त. बाईंनी हायकू परत दिला.

आजोबा : जास्त कुठे? एक डावीकडे, एक उजवीकडे. शिलाईत जायला नकोत?

आजी : अहो, कविता आहे ती. तिला कोण शिलाई घालतंय?

आजोबा : काल ही म्हणाली, माप पाच, सात, पाच. पन्नास वर्षांत मी मापाबरहुकूम कापड कापलेलं नाही. घट्ट झालं तर गिऱ्हाईक कुणाच्या नावानं ओरडतं?

नात : माझ्या. सगळा वर्ग हसला.

आजी : वाच बघू, दोघांनी मिळून काय दिवे लावलेत.

नात : "मैत्रीण माझी गोड, जाणार आहे शनिवारी, मला येते रडू गं."

आजी : तो 'गं' कुणाचा?

आजोबा : माझा. एक अक्षर कमी पडत होतं.

नात : शनिवार उद्याच आहे. सहाच्या आत नवीन लिहून बाईंच्या घरी दिलं नाही, तर वर्गातर्फे तिला द्यायच्या वहीत माझं पान कोरं. सगळ्यांच्या कविता आणि माझं कोरं पान घेऊन ती गाडीत बसणार. आजोबा, हसू नका.

आजोबा : हसत नाही. टाचणी आहे तोंडात.

आजी : पाच वाजलेत. हायकूच हवा का? दुसरं काही लिही की.

नात : कुणी काय लिहायचं, त्याच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. ज्याला तिचं आडनावही माहीत नाही, त्याला पोवाडा. चांगली चार पानं लिहिलीत त्यानं. मी तीन वर्षं तिच्याशेजारी बसते, तर मला हायकू.

आजोबा : पोवाडा म्हणजे ओव्हरकोट. ऐट मोठी, खिसेच खिसे. चारोळी कशी असते?

नात : चारच ओळी. शेवटच्या ओळीला टाळी.

आजोबा : रुमाल. ओवी मला ठाऊक आहे. तीन ओळींना यमक, चौथी आखूड. तीन खिसे मोठे, चौथा घड्याळापुरता. आणि तो मुक्तछंद?

नात : त्याला माप नसतं.

आजोबा : मग झगा. कुणालाही होतो.

नात : बाई म्हणतात, त्यालाही आतून लय लागते.

आजोबा : अस्तर म्हण की. हां, मग कठीण काम आहे.

आजी : आणि हायकू म्हणजे झबलं. कापड वीतभर, शिवताना घाम.

नात : पण मला केवढं सांगायचंय. माझं गणित चुकलं की ती मुद्दाम स्वतःचंही चुकवायची, मला एकटीला उभं राहायला लागू नये म्हणून. हे सतरा अक्षरांत कुठे बसवू?

आजोबा : नको बसवू. आमचे कीर्तनकार बुवा कथा गाता गाता ऐन रंगात गप्प होतात. ते गप्प झाले की अख्खी सभा डोळे पुसते.

आजी : तुम्ही ते उभे राहिल्यापासूनच पुसता.

आजोबा : मी पुढची तयारी करून ठेवतो.

आजी : बाळ, इकडे बघ. सोमवारी वर्गात गेलीस की काय करशील?

नात : काही नाही. बाकावर बसेन. शेजारी जागा रिकामी असेल. बाई म्हणतील, दप्तर ठेव तिथे. मी नाही ठेवणार.

आजी : कधी?

नात : कधीच नाही.

आजोबा : थांब. हलू नकोस. हेच लिही. खडू घे, इथे टेबलावरच लिही.

नात : "तुझ्या जागेवर मी". तु, झ्या, जा, गे, व, र, मी. सात. आजोबा, परत दोन जास्त.

आजोबा : या वेळी मी काही बोललेलो नाही.

नात : "जागेवर" नको. "जागी". "तुझ्या जागी मी". पाच. "दप्तर ठेवणार". सात. "नाही कधीच". पाच.

आजी : झालं की.

नात : पण गणिताचं राहिलं. सगळंच राहिलं.

आजोबा : वाढत्या पोराचा कपडा शिवताना मी खाली चार बोटं कापड आत दुमडतो. बाहेरून दिसत नाही. पोर उंच झालं की आई उसवते, आणि कपडा पुरतो.

नात : मग ती मोठी झाली की उसवेल?

आजोबा : तिला कळेल, कुठून उसवायचं ते.

आजी : आता कागदावर उतरव आणि पळ बाईंकडे. पावणेसहा झाले.

नात : उतरवलं. आजोबा, टेबलावरचं पुसू?

आजोबा : राहू दे. जा तू.

आजी : गेली. मशीन का थांबवलंत?

आजोबा : अक्षरं मोजतोय.

आजी : सतराच आहेत. तिनं मोजली.

आजोबा : असू दे. मी आणखी एकदा मोजतो.