खंडेनवमीचा हार

जबाब, दि. ४/१०/२०२५

मी मनकर्णाबाई बद्रीनाथ गाडेकर, वय ६१ वर्षे, धंदा शेती, रा. हर्सूल, छत्रपती संभाजीनगर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर मुलगा डॉ. अंकुश याच्यासह राहते. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचा दातांचा दवाखाना आहे. पुढचं माझ्या बोलीतच लिहा, असं मी जमादारसाहेबांना सांगितलं हाय.

पेशंटच्या खुर्चीवर कॅमेऱ्याचा लोखंडी हात हाय. तोंडातली दाढ टीव्हीवर ही मोठी दिसती. आतल्या स्प्रिंगनं कॅमेऱ्याचं वजन तोललेलं असतं. दोन बोटांनी सरकवा, सोडाल तिथं थांबतो. अंकुशनं लई हौसेनं घेतला होता.

खंडेनवमीला विळा, कोयता, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा केली. मग दवाखान्यातल्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. कॅमेऱ्याच्या हाताला झेंडूचा जाड हार घातला, त्यात नारळ बांधला. वजनानं हात खाली लोंबायला लागला. पूजेच्या दिवशीच त्यानं मान टाकली, मला अपशकुनच वाटला. अंकुश बाहेर गेला होता. हाताच्या बाजूला स्प्रिंगची चक्री हाय. मेकॅनिक ती पिळून स्प्रिंग घट्ट करतो हे मी बघितलं होतं. अवदसा आठवली अन् मी ती पिळत गेले. हात वर आला, थांबला. बरं वाटलं. अंकुशला सांगितलं नाय. बोलणी कोण खातंय!

काल सकाळी सिल्लोडच्या द्वारकाबाई दाढ ठणकती म्हणून आल्या. दसऱ्यानंतर दवाखाना तवाच उघडला. अंकुश त्यांच्यावर वाकला होता. झेंडूच्या पाकळ्या बाईच्या तोंडात पडायला लागल्या. तो म्हणाला, "आई, तेवढा हार काढ गं." मी कात्रीनं दोरा कापला. हार नारळासकट माझ्या हातात आला अन् कॅमेरा खाडकन वर उसळला. अंकुशच्या चष्म्यावर बसला. काच उजव्या डोळ्यात गेली. डोळा धरून तो मलाच विचारतो, "आई, तुला लागलं नाय ना?"

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळा राहील, नजरेचं सांगता येत नाय. नजर गेली तर दाताचं बारीक काम कसं करणार माझा लेक? देवाला नारळ फोडून टाकला असता तर काय बिघडलं असतं! हात झडले असते माझे तर बरं झालं असतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात पोलीस आले तवा अंकुशनं त्यांना सांगितलं, "कॅमेऱ्याला माझाच धक्का लागला." ते गेल्यावर माझा हात धरून हळूच म्हणाला, "चक्री तू फिरवलीस ना? कुणाला बोलू नको." रात्रभर मला झोप नाय. म्हणून आज आले.

कुणावर तक्रार आहे काय, असं विचारलं. हाय, माझ्यावर. तशी तक्रार घेता येत नाही असं जमादारसाहेब म्हणाले.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिलाय अन् खरा हाय. अंकुशनं काही वेगळं सांगितलं तरी माझाच धरावा.

(सही) मनकर्णाबाई बद्रीनाथ गाडेकर