देवीचं तोंड

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न ठेवतो. उत्तराची घाई नको, मीही तिथे अडखळतो. कुणी आपल्याकडे काही मागितलं, तर आपण त्याचं मागणं ऐकतो — की आपल्याला जे द्यायची हौस आहे, तेच ऐकतो?

ऐका तर. कोकणातल्या एका गावात काळकाईचं देऊळ. तिची पूजा अनुसया गुरव करायची, सगळ्या गावाची अनुसयाकाकू. चाळीस वर्षं देवीची सकाळची अंघोळ तिच्याच हातची. त्याच गावात विनायक खांबेटे राहायचे, हायस्कूलचे चित्रकलेचे मास्तर, निवृत्त. मुलीनं दिलेला कॅमेरा गळ्यात, आणि गावातल्या प्रत्येक बारशाला हजर. बोलावलेलं असो वा नसो!

तर झालं काय, पाषाणाची मूर्ती झिजली. गावानं ठरवलं, वज्रलेप करायचा. म्हणजे झिजलेल्या दगडावर लेप चढवून नाक-डोळे पुन्हा रेखीव करायचे. चांगलंच काम. पण काकू मास्तरांच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"मास्तर, लेप चढायच्या आधी देवीचं तोंड एकदा फोटोत येऊ दे. नंतर ते दिसायचं नाही."

"काकू, काळजीच सोडा," मास्तर म्हणाले. "त्यासाठी नवी लेन्सच घेतो."

झालं! मागणं राहिलं बाजूला, लेन्स आली पुढे. पंधरा दिवस मास्तर मोबाइलवर व्हिडिओ बघत बसले. एक सांगे, हीच घ्या. दुसरा सांगे, ती घ्याल तर पस्तावाल. आपल्या उपासासारखंच हे — एक म्हणतो भगर चालते, दुसरा म्हणतो चालत नाही, आणि भूक लागलेली असते तिसऱ्यालाच.

शेवटी मास्तर कोल्हापूरला गेले. पेन्शनीतून बाजूला ठेवलेले पैसे एकाच लेन्सपुरते. दुकानदार भला माणूस होता.

"सर, तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे. ही पन्नास एमएमची लेन्स स्वस्त, अंधारातही चांगली, पण तुमच्या कॅमेऱ्यावर चित्र कडेनं कापून येईल. नुसता चेहरा घ्यायचा तर हिच्यासारखी नाही. सगळा गाभारा हवा असेल तर ही रुंद घ्या, वापरलेली आहे, बजेटात बसेल. तुम्हाला काढायचंय काय?"

मंडळी, किती सरळ प्रश्न! मास्तरांच्या जिभेवर 'तोंड' आलंही होतं. पण डोळ्यांपुढे उभी राहिली चांदीची प्रभावळ, समया, नऊवारी नेसलेली देवी. आणि देवळात लागलेली भली मोठी तसबीर. खाली कुणाचं नाव? ते तुम्हीच ओळखा.

"रुंद द्या," मास्तर म्हणाले. "देवीचं तोंड काय, सगळ्यांनी पाहिलेलंच आहे."

लेपाच्या आदल्या दिवशी सकाळी मास्तर देवळात गेले. काकूनं नुकतीच अंघोळ घातली होती. ती हातात ओला पंचा घेऊन देवीच्या पुढ्यातच थांबली. "मास्तर, आता काढता? की पोशाख चढवू?"

"चढवा की! पूर्ण थाट येऊ दे. उद्यापासून कारागीर बसायचे."

शिकलेला माणूस आहे, त्याला कळत असेल, असं काकूला वाटलं. तिनं साडी नेसवली, दागिने घातले, आणि चांदीचा मुखवटा देवीच्या चेहऱ्यावर बसवला.

आता लक्षात आलं का? मास्तर जन्मभर उंबऱ्याबाहेरून, पोशाख चढल्यावरच दर्शन घेत आले होते. त्यांच्या लेखी देवीचं तोंड म्हणजे तो मुखवटा. त्याच्या आतलं, पुसून पुसून झिजलेलं दगडी तोंड रोज पाहत होती ती एकटी काकू.

लेप झाला. देवी नवी कोरी दिसू लागली. मास्तर तसबीर घेऊन काकूकडे गेले. तिनं ती गुडघ्यावर ठेवली, पदरानं काच पुसली, बराच वेळ पाहिली.

"छान आलाय हो. सगळं आलंय." मग हळूच म्हणाली, "पण मास्तर, मुखवटा तर अजून आहे की देवळात."

मास्तरांना उभ्या उभ्या कळलं. ते धावत घरी गेले, कागद-पेन्सिल घेऊन आले. चित्रकलेचे मास्तर ना! "काकू, सांगा. कसं होतं? मी काढतो."

काकू सांगू लागली. डावा गाल आत गेलेला. नाक बसकं. ओठांची नुसती रेघ. मास्तर काढत होते, खोडत होते. "असं?" "नाही हो, जरा... थकल्यासारखं होतं ते. माझ्या आईसारखं." तीन कागद झाले. चौथ्यावर काकूनं हात ठेवला.

"राहू द्या, मास्तर. तुमचं बघून माझं पुसलं जातंय."

मंडळी, मास्तर वाईट नव्हते. पैसे त्यांनी घातले, पाय त्यांनी झिजवले, मोबाइलला विचारलं, दुकानदाराला विचारलं. विचारलं नाही ते फक्त जिनं मागितलं होतं तिला. आपणही आणतोच की — आईला शाल, वडिलांना मोबाइल, देवाला मुकुट. निवडताना किती जीव लावतो! आज घरी गेलात की तिथे जे माणूस तुमची वाट बघत असेल, त्याच्याजवळ जरा बसा. तुला नेमकं काय हवं होतं, एवढं विचारा. आणि ते सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. कारण देवीच्या लेपाचा दिवस गावानं ठरवून सांगितला होता. आपल्या माणसाचं तोंड कधी दिसेनासं होईल, तो दिवस आपल्याला कुणी कळवत नाही.