एरंडोलला वीस मिनिटं

शाझिया : मी तीनदा तपासलं, किरण. आकडा बरोबर आहे. तेच तर वाईट आहे.

किरण : बरोबर आकडा वाईट कसा असेल? त्या आकड्यावर तर पुण्याची कंपनी भुलली. माणूस खेळेल त्या दिवशी सरासरी पाच तास चार मिनिटं आपल्या गेममधली ‘लाल गाडी’ चालवतो! मोठमोठ्या गेमवाल्यांना पंधरा मिनिटं मिळाली तरी ते पेढे वाटतात.

शाझिया : आणि त्याच आकड्यावर आपण दोघांचे अकरा झालो. अब्बूंच्या पेंटिंगच्या दुकानाचा पोटमाळा सोडून हा क्लासचा हॉल घेतला. फळ्यावरचं बीजगणितसुद्धा अजून पुसलेलं नाही.

किरण : मग झालं ना! चारला त्या कंपनीच्या मॅडमचा फोन आहे. आज पैशांच्या करारावर सही. आज काही शोधू नकोस, बाई.

शाझिया : शोधून झालं. चाचणीचा गेम एकेचाळीस फोनांवर आहे. त्यातले आठ जण बांभोरीच्या पुलावरून गाडी गिरणा नदीत पाडतात. अकरा मिनिटांत खेळ खलास.

किरण : आणि बाकीचे?

शाझिया : बाकीचे तेहतीस. सकाळी बरोबर सहा दहाला जळगाव सोडतात, धुळ्याला जातात, परत येतात, साडेबाराच्या सुमाराला बंद करतात. एक अपघात नाही, एक ओरखडा नाही. आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाचा बंद, पण वार वेगवेगळा.

किरण : अरे देवा. ही माणसं नाहीत. कुणीतरी मशीन लावलंय.

शाझिया : मशीन एरंडोलला थांबत नाही. हे बघ. एरंडोल स्टँड, गाडी उभी, इंजिन बंद. वीस मिनिटं स्क्रीनला बोटसुद्धा लागलेलं नाही. तेहतीसच्या तेहतीस! आता सांग, पहिली लिंक तू कुणाला दिली होतीस?

किरण : आमच्या गल्लीतल्या प्रेमराज नानांना. तीस वर्षं एसटी चालवली त्यांनी. म्हटलं, स्टिअरिंग जमलंय का ते सांगतील.

शाझिया : वाटलंच मला. म्हणून त्यांना पावणेचारला बोलावलंय, आलेच बघ. या नाना, आत या.

नाना : राम राम, भो. मी साडेतीनलेच ऊनू, पन खाले उभा व्हतू. टाइमना आधी गाडी फलाटले लावानी नही.

किरण : नाना, खरं सांगा. तुम्ही आपला गेम कुणाकुणाला दिलात?

नाना : बाहेरना कोनलेच नही. बठ्ठा आपला डेपोना रिटायर लोके. मी धरीसन तेहतीस ड्रायव्हर. आन तोताराम शे, पन तो कंडक्टर. तो मन्हा बाजूले बठस.

शाझिया : कंडक्टर गेममध्ये काय करतो, नाना?

नाना : पेलावर चमचा मारस. डबल बेल भेटल्याबिगर मी गाडी हलाडत नही.

किरण : आणि एरंडोलला वीस मिनिटं कशाला थांबता?

नाना : च्या पेवाले.

किरण : गेममध्ये चहा नाही, नाना!

नाना : गेममा नही, घरमा शे ना.

किरण : म्हणजे फोन तसाच चालू ठेवून तुम्ही चहा पीत बसता?

नाना : बंद कसा करसू? गाडीमा पब्लिक बठेल शे.

शाझिया : हसू नकोस म्हणावं तर मलाच आवरत नाहीये. नाना, सहा दहाची वेळ कुणी ठरवली?

नाना : किरणनी. गेममा स्टँडवर पाटी शे. जळगाव-धुळे, सहा दहा.

किरण : ती शोभेची पाटी आहे!

नाना : टाइमटेबल कधी शोभाले ऱ्हास का, पोऱ्या?

शाझिया : आणि त्या सुट्ट्या?

नाना : हप्तामा एक. ड्यूटी चार्ट मी लावस. मांगला हप्ताले आमना वना ड्रायव्हर आजारी व्हता, त्यानी अर्ज दिन्हा. मी मंजूर करा.

किरण : झालं. ऐका दोघं. हे आपल्या तिघांतच राहू द्या. फोन आला की मी ‘हो मॅडम’ म्हणतो, सही होऊन जाईल.

शाझिया : आणि गेम बाजारात गेल्यावर? सगळे त्या आठांसारखे पुलावरून गिरणेत पडतील तेव्हा काय सांगशील?

किरण : तेव्हाचं तेव्हा. पलीकडे नऊ पोरं बसलीयत, शाझिया. भाविका पाचोऱ्याची नोकरी सोडून आली. तेजसनं माझ्या शब्दावर पुण्यातल्या नोकरीला नाही म्हटलं. त्यांना काय सांगू? आपली कंपनी एरंडोलच्या चहावर उभी आहे? भीती वाटते मला. खरंच रडू येईल असं वाटतंय.

नाना : काय व्हयनं? आमनी काही चूक व्हयनी का?

शाझिया : नाही, नाना. तुम्ही मनापासून खेळलात, म्हणून आकडा मोठा दिसला. पुण्याच्या लोकांना वाटलं, सगळेच असे खेळतात.

नाना : मंग बंद करी देसू. उद्यापासून. आमना पायी पोरेसनं नुकसान नको. फक्त...

शाझिया : फक्त काय?

नाना : रिटायर व्हयनू तव्हयपासून मी चारलेच उठी बठस. बायको ईचारे, कोठे जाशात? कोठेच नही. आते सांगस, सहा दहानी गाडी शे. ती डबा भरी देस.

किरण : डबा?

नाना : धुळाले गाडीमातून उतरीसन डबा खास.

शाझिया : ऐकलंस, किरण? यांना कसं सांगू बंद करा म्हणून?

नाना : आन एक तक्रार ऱ्हाई गई. पिंपळकोठा फाटावर एक म्हातारी उभी शे, टोपली लिसन. रोज गाडी थांबाडस, दार उघाडस. ती चढत नही. बठ्ठा तेहतीस ड्रायव्हरसनी तक्रार शे.

शाझिया : नाना, ती... ती नुसती चित्रातली आहे. झाडासारखी. रस्ता ओकाबोका दिसू नये म्हणून मी काढली.

नाना : सहा महिनापासून उभी शे ती, बेटी.

(फोन वाजतो.)

किरण : चार वाजायला अजून दहा मिनिटं आहेत.

नाना : उचल. गाडी लेट शे त पब्लिकले लेट सांगानी. बाकी पब्लिक समजी लेस.

किरण : नमस्कार मॅडम. हो, तयार आहे. पण सही करायच्या आधी एक सांगायचंय. तो पाच तासांचा आकडा... ते तेहतीस रिटायर एसटी ड्रायव्हर आहेत. हो, फक्त तेहतीस. नाही, मशीन नाही, माणसं आहेत. चहा प्यायला, मॅडम. हो, एरंडोलला. डबासुद्धा नेतात. नाही, न सांगता दांडी नाही मारत, अर्ज देतात... हॅलो? हो, आहे मी. बरं. बरं, मॅडम. ठेवतो.

शाझिया : काय म्हणाल्या?

किरण : आज सही नाही.

शाझिया : आणि?

किरण : आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, आकडा खोटा नाही, माणसं थोडी आहेत. महिनाभरात दुसऱ्या डेपोंची असली तीनशे माणसं दाखवा. दाखवलीत तर सही. नाही तर विषय संपला.

नाना : तीनशे? चाळीसगावले मन्हा साडू शे, ड्रायव्हरच व्हता. पाचोराले पुना नावना मन्हा दोस्त शे. त्यासना डेपोमा निम्मा लोके तर ओट्यावर बठीसन कंटाळेल शेत. गोळा मी करसू. पन त्यासले काय सांगू? म्हातारी उभी ऱ्हास आन गाडीमा जागा ऱ्हाईसन बी चढत नही? ड्रायव्हरले असं सहन व्हत नही, भो.

किरण : शाझिया, तिला गाडीत बसवायला किती दिवस लागतील?

शाझिया : पायरी चढणं, टोपली आत घेणं, सीटवर टेकणं... पंधरा दिवस. नाही, थांब. भाविकाला सोबत घेते, चार दिवसांत करते. नाना, शुक्रवारी थांबाल का फाट्यावर? बसेल ती.

नाना : तोतारामले सांगी ठेवस. पुढली शीट मोकळी ठेवसूत.