दोन्ही बगलांना

समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या टाक्यांत हवा भरून देणाऱ्या दुकानात रांग होती. स्वतःची टाकी भरायला आलेल्या एका नर्सबाईंना पुढच्या बापलेकीचं बोलणं ऐकू येत होतं.

"ऑपरेशननंतर पाठीवर वजन नको म्हणालेत डॉक्टर."

"पाठीवर नाहीच बाबा, दोन्ही बगलांना एकेक टाकी. पाण्यात उतरल्यावर मी अडकवून देईन."

"आणि श्वास कुठल्या टाकीतून घ्यायचा?"

"थोडा डावीतून, थोडा उजवीतून. दोन्ही सारख्याच रिकाम्या करायच्या, नाहीतर एका अंगाला कलंडाल."

"तुझी आई गेल्यापासून कलंडलोच आहे की."

"म्हणून तर रजा काढून आलेय."

रांग सरकली.

"किती टाक्या भरायच्या?" दुकानदाराने विचारलं.

मुलीने बापाकडे पाहिलं. बापच पुढे झाला.

"चार. दोन हिच्या, दोन माझ्या."