लेकीच्या दारातला काळा डाग

बोईसरच्या गॅरेजात स्कूटर दुरुस्त होईपर्यंत रामकिसनराव बाकड्यावर बसले होते. संध्याकाळच्या कीर्तनाची ओढ होती. पण शेजारी मुरबे गावच्या चिंतूकाकांचं आणि काकूंचं आख्यान असं रंगलं, की त्यांना उठवेना.

“ज्ञानेश, व्हॅनचं इंजिनच बदल. ऑइल गळतंय,” काका मेकॅनिकला म्हणाले.

“काका, गॅस्केट बदललं की गळती थांबेल. इंजिन ठणठणीत हाय.”

“नाय! एक थेंब पडता कामा नये.”

“ज्ञानेशभाऊ, यांचं ऐकू नको. गळू दे.”

“तू गप गं! तुला इंजिनातलं काय कळतं?”

“इंजिनातलं नाय, थेंबातलं कळतं. पळून लग्न केलं म्हणून लेकीचं तोंड बघणार नाय बोलले हे. आणि केळवे-माहीमला तिच्या दारात दर सोमवारी ताजा काळा डाग!”

“तू... तिथं कशी गेलीस?”

“रिक्षानं. तुमची व्हॅन निघाली, की मी तिच्या घरात शिरते.”

“रामकृष्णहरी!” रामकिसनरावांच्या तोंडून निघून गेलं.

“ज्ञानेश, इंजिन राहू दे.”

“मग गॅस्केट?”

“ते सावकाश कर. डावं दार उघडत नाय, ते आधी कर. हिला बसायचं हाय.”